ऐनवेळचे विषय : तुमच्या गावात नगर परिषदेची सभा कशी चालते?

पळसफूल

राम राम मंडळी. परवा आमच्या नगर परिषदेची सर्वसाधारण सभा झाली. निवडणुकीनंतर कामकाजाची म्हणावी अशी ही पहिलीच. त्याआधीच्या सभा उपाध्यक्ष, स्वीकृत सदस्य आणि विषय समित्या यांतच गेल्या. गावाचं नाव लिहीत नाही. तालुक्याचं ठिकाण आहे, कापूस-तूर-संत्रा सगळं आहे, पाणी आठवड्यातून एकदा येतं. एवढ्यावरून विदर्भातली निम्मी गावं डोळ्यांपुढे येतील, तेवढं पुरे.

विषयपत्रिकेवर एकेचाळीस विषय होते. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे : "कायम." विषय दोन : "मंजूर." तीन : "मंजूर." मग कुणीतरी म्हणालं, अकरा ते बत्तीस एकत्रच घ्या, वाचायची गरज नाही, सगळ्यांनी पाहिलेलं आहे. "सर्वानुमते." बत्तीसनंतर मात्र गाडी अडली. बसस्टँडसमोरच्या चौकाला नाव कुणाचं द्यायचं, यावर पाऊण तास. दोन्ही नावं अशी आहेत की इथे लिहिली तर हा धागाही त्याच चौकात अडकेल. शेवटी विषय तहकूब.

आणि सगळ्यात शेवटी, लोक उठायला लागले तेव्हा, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". त्यात आठवडी बाजाराच्या वसुली ठेक्याला मुदतवाढ. हे मला अर्धवटच ऐकू आलं, कारण खुर्च्या सरकत होत्या.

दारात शिपायाने हटकलं होतं, "ताई, तुम्ही कोणत्या मॅडमसोबत?" मी म्हटलं कुणासोबतच नाही, बघायला आले. तो गोंधळला, पण आत सोडलं. आपल्याला असं बसता येतं का? ऐनवेळी पैशाचे विषय घेता येतात का? आणि मुख्य म्हणजे, नगरसेवक नसलेल्या माणसाने या सभेत लक्ष घालण्यात काही अर्थ आहे का? तुमच्याकडचे अनुभव सांगा.

वऱ्हाडी_ठेचा

तुमच्याइथं चांगलंच म्हणा लागन बाप्पा. आमच्याइथं चहा याच्या आंधी सभा संपते, अन् मंग चहा पेता पेता सभा सुरू होते. जे काय ठरते ते बशीतच ठरते.

संत्रीवाला

ताई, अर्थ नाही. घरी बसून वांग्याची भाजी करा, ती तरी पोटात जाईल. निवडणुका रखडल्या आणि चार वर्षं प्रशासक (सरकारने बसवलेला अधिकारी) होता तेव्हा निदान रोज सकाळी नालीत फवारणी व्हायची. आता निवडून आलेली बॉडी बसली आणि पहिला विषय काय, तर अध्यक्षांच्या दालनाचं नूतनीकरण.

पळसफूल

@संत्रीवाला, वांग्याची भाजी तुम्हीच करा, मला वेळ नाही 🙂

जुना_लेखनिक

मी विदर्भातल्या एका क वर्ग नगर परिषदेत सभेचं टेबल बरीच वर्षं सांभाळलं. निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

पळसफूलताई, तुम्हाला बसता येतं. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार सभा लोकांसाठी खुली असते. एखादी चर्चा बंद दाराआड घ्यायची असेल तर हजर सदस्यांच्या बहुमताने तसं ठरवावं लागतं. तुम्ही बोलायचं मात्र नाही. गोंधळ केला तर पीठासीन अधिकारी बाहेर काढू शकतात. शिपायाने विचारलं त्यात त्याचा दोष नाही, बिचाऱ्याने नोकरीत पहिल्यांदाच कुणी "बघायला" आलेलं पाहिलं असेल.

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी. तिची नोटीस सात दिवस आधी, विशेष सभेची तीन दिवस आधी. नोटिशीसोबत विषयपत्रिका. आता मुख्य गोष्ट ऐका. विषय सभेत ठरतच नाही, तो ठरतो टिप्पणीत. कर विभाग, पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य, जो तो विभाग आपल्या विषयावर कागदभर टिप्पणी लिहितो. काय पाहिजे, किती पैसे, कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे हिशेबाच्या कोणत्या खात्यातून. ती मुख्याधिकाऱ्यांकडे जाते, मग अध्यक्षांकडे. सभागृहात पोहोचेपर्यंत विषय शिजून, वाढून, ताटही धुऊन झालेलं असतं. ज्याने टिप्पणी वाचली नाही त्याला सभेत बसून चौकाच्या नावावरच बोलता येणार ना? ते तेवढं सगळ्यांना कळतं.

अकरा ते बत्तीस एकत्र घेतले म्हणून लगेच संशय घेऊ नका. त्यातले बहुतेक विषय असे असतात : पाणी शुद्ध करायची तुरटी आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची खरेदी, जॅकवेलवरचा (पाणी उपसायच्या विहिरीवरचा) पंप पुन्हा बांधून घेणे, घंटागाडीचे टायर, लाड-पागे समितीप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी, कुणाची रजा, कुणाची निवृत्तीची थकबाकी. हे अडलं तर गावाचं पाणी अडतं. मी तर म्हणेन हे एकत्रच घ्यावेत. तुम्ही फक्त त्यात "कार्योत्तर मंजुरी" असं कुठे लिहिलंय का ते बघा. म्हणजे काम आधीच झालेलं आहे, बिलही तयार आहे, आणि सभागृहाने आता "हो" म्हणायचं आहे. पंप रात्री जळला तर कार्योत्तर समजू शकतो. स्वागत कमान रात्रीतून जळत नाही.

मुरूम_गिट्टी

"स्वागत कमान रात्रीतून जळत नाही" 😂 काका, हे नगर परिषदेच्या भिंतीवर लिहा.

सावली_दुपारची

आमच्याकडे कमान झाली, तिच्यावर नाव कुणाचं हे ठरलं नाही, म्हणून दोन वर्षं फ्लेक्सने झाकून उभी आहे. वाढदिवसाचे फ्लेक्स लावायला बरी पडते.

प्रभाग_सात

मी नगरसेविका आहे. कुठली ते विचारू नका. पहिलीच टर्म.

लेखनिक काकांचं टिप्पणीबद्दलचं शंभर टक्के खरं. मला विषयपत्रिका मिळाली ती नुसती यादी. "विषय क्र. १८ : पाणीपुरवठा विभागाच्या टिप्पणीवर विचारविनिमय करून निर्णय घेणे." कशावर विचारविनिमय? किती रुपयांवर? टिप्पणी मागितली तर "मॅडम, ऑफिसात येऊन पाहा ना, नाहीतर साहेबांना पाठवा." साहेब म्हणजे माझा नवरा. त्याचं कृषी केंद्र आहे, त्याला टिप्पणीशी काय घेणं? महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या, पण फोन अजून नवऱ्याच्याच नंबरवर येतो. मी गेले, बसले, सगळ्या टिप्पण्या वाचल्या. क्लार्कने स्वतःहून पंखा माझ्याकडे वळवला, तेव्हा वाटलं काहीतरी बदललं.

पण संत्रीवालाभाऊ, तुमचं ते प्रशासकाचं पटत नाही. प्रशासकाच्या काळात टिप्पणी साहेबांची, ठराव साहेबांचा, मंजुरी साहेबांची. आता निदान हात वर करायला कुणीतरी लागतं, आणि तो खाली ठेवायलाही.

संत्रीवाला

मॅडम, हात खाली ठेवलेला दाखवा, मी संत्र्याची पेटी पाठवतो.

प्रशासक चांगला असं मी म्हटलंच नाही. साहेबाला मतं नको असतात, एवढाच त्याचा गुण. नगरसेवकाच्या घरासमोर पेव्हर ब्लॉक आणि मागच्या गल्लीत चिखल, हा प्रकार तरी कमी होतो.

बोरकाठचा

आणि प्रशासक काढायला केवढं रामायण. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात, मग ६ मे २०२५ ला कोर्टाने सांगितलं की निवडणुका घ्या. मतदान २ डिसेंबरला, काही ठिकाणी २० ला, आणि मतमोजणी थेट २१ डिसेंबरला. नागपूर खंडपीठाने निकाल पुढे ढकलला तेव्हा आमच्या प्रभागातल्या उमेदवाराने आणलेले पेढे त्यालाच खावे लागले. मग पडला.

वऱ्हाडी_ठेचा

पेढ्याचं बिल कार्योत्तर मंजुरीत टाका म्हणा.

झाडीपट्टीचा

मी गडचिरोलीकडचा जी. तुम्ही सारे नगर परिषदवाले, मोठे लोक. आमचा जुना ग्रामपंचायतीचा गाव, २०१५ च्या आसपास नगरपंचायत झाली. सरकारने ठरवलं की तालुक्याचं ठिकाण म्हणजे नगरपंचायत. तसा नगरपंचायतीसाठी लोकसंख्येचा निकष दहा ते पंचवीस हजार, पण आमच्याकडची काही तालुक्याची गावं त्याच्या जवळपासही नाहीत. सतरा प्रभाग पाडले. एकेका प्रभागात मोजून काढता येतील एवढी घरं. नगरसेवक निवडून येतो तो शेजाऱ्यांच्या मतांवर, आणि पडतो तो भावकीच्या.

नुकसान काय झालं ते सांगतो. रोजगार हमीचं काम ग्रामीण भागासाठी. नगरपंचायत झाली आणि मजुराचं जॉबकार्ड कागद झालं. धानाचा हंगाम संपला की लोक बाजूच्या गावच्या कामावर नावं घालायला बघतात, तिथले म्हणतात तुमी शहरातले, तुमचा का काम? शहर म्हणजे काय, तर घराच्या मागे तेच मोहाचं झाड आणि घरपट्टीची नवी पावती.

आणखी एक. आमचा भाग अनुसूचित क्षेत्र. संविधानाच्या कलम २४३ झेडसी प्रमाणे नगरपालिकांचं प्रकरण अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही, संसदेने कायदा करून लागू करावं लागतं. ग्रामपंचायत होती तोवर पेसाची, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याची, ग्रामसभा होती. हात वर करणारे सतरा नव्हते, अख्खं गाव होतं. आता सभागृहात सतरा खुर्च्या आणि बाहेर आम्ही. म्हणून ताईंनी विचारलं "सभेला बसण्यात अर्थ आहे का", तर मला जुनी ग्रामसभा आठवते. तिथे बसणं नव्हतं, बोलणं होतं.

पळसफूल

@झाडीपट्टीचा, हे अजिबात माहीत नव्हतं. आमच्याकडे उलट प्रकार, शेजारच्या मोठ्या ग्रामपंचायतीतले लोक "आम्हालाही नगरपंचायत द्या" म्हणून उपोषणाला बसले होते.

झाडीपट्टीचा

त्यांना म्हणा, आधी आमच्याकडे पाहुणे या. भात-वरण करू, मग उपोषणाचं ठरवा.

बोरकाठचा

थोडं विषयांतर. घरपट्टीचा उल्लेख आला म्हणून. आमच्याकडे या वेळी चतुर्थ वार्षिक कर आकारणी झाली आणि माझ्या आजोबांच्या मातीच्या घराला आरसीसीचा दर लागला. समोरच्या दोन मजली बंगल्याला मागचाच. हरकत घेतली, सुनावणीला गेलो. मोजणी करणाऱ्या एजन्सीचा पोरगा म्हणाला, "काका, गेरू लावलेला आहे ना, फोटोत पक्कं दिसतं." आता भिंत उकरून दाखवायची का?

जुना_लेखनिक

उकरू नका, पावसाळा येतोय. हरकतीसोबत जुनी आकारणीची नक्कल जोडा आणि प्रत्यक्ष पाहणीची मागणी लेखी करा. आणि सुनावणी होईपर्यंत भरणार नाही असं डोक्यात घेऊ नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती बसते. वर्षाचे चोवीस झाले. माणसं तत्त्वासाठी थांबतात आणि मुद्दलापेक्षा शास्ती मोठी होऊन बसते. मार्चमध्ये वसुली पथक ढोल घेऊन येतं ते वेगळंच.

पावतीवर शिक्षण कर, रोजगार हमी कर, वृक्ष कर अशा ओळी असतात ना, त्यातला शिक्षण कर आणि रोहयो कर नगर परिषद फक्त गोळा करते, तो सरकारजमा होतो. लोक आमच्या टेबलावर येऊन भांडायचे, "शिक्षण कर घेता आणि शाळेचं छत गळतं." गळायचं हे खरं, पण तो पैसा आमच्याकडे नव्हताच.

नगर परिषदेचा स्वतःचा म्हणावा असा पैसा पूर्वी जकातीचा होता. १९९९ मध्ये नगर परिषदांची जकात गेली, त्याबदली सरकारकडून सहायक अनुदान सुरू झालं. पगार त्यातून. तेव्हापासून गावचा कारभार गावच्या नाक्यावर कमी आणि मंत्रालयाच्या कॉरिडॉरमध्ये जास्त चालतो. आमचा जुना जकात नाका आता पानटपरी आहे, भाडं थकलेलं.

सावली_दुपारची

काका, डुकरांचा विषय कोणत्या विभागाचा हो? आरोग्य, बांधकाम की सांस्कृतिक?

वऱ्हाडी_ठेचा

पाणीपुरवठा. नालीत सारा दिवस पाण्यातच रायतेत थे.

सावली_दुपारची

हसू नका. प्रत्येक सभेत "मोकाट वराह बंदोबस्त" असतो. निविदा निघते, बाहेरून पकडणारे येतात, दोन दिवस पळापळ, मालक दांडके घेऊन उभे, मग तडजोड. पुढच्या सभेत तोच विषय. कोंडवाड्यात मात्र एक म्हातारी गाय आणि तिला चारा घालणारा एक म्हातारा, दोघंही निवृत्तीला आलेले.

मुरूम_गिट्टी

मी ठेकेदाराकडे साईटवर होतो, आता सोडलं. नालीचं सांगतो, कारण नगर परिषदेचं सगळं कामकाज एका नालीत दिसतं.

आमच्या गावात एका गल्लीत नाली आहे. साठ-सत्तर मीटर छान, मग मध्ये बारा-पंधरा मीटर काहीच नाही, नुसता कच्चा चर, मग पुन्हा नाली. लोक म्हणतात ठेकेदाराने खाल्ली. नाही खाल्ली. पहिला तुकडा दलित वस्तीच्या निधीतला, वस्तीची हद्द जिथे संपली तिथे तो संपला. पुढचा तुकडा नगरोत्थान योजनेच्या निधीतला, पण त्याचं अंदाजपत्रक ज्या इंजिनिअरने केलं त्याने नकाशावर चौकापासून मोजलं. मधला भाग कुणाच्याच कागदात नाही. आता त्या बारा मीटरसाठी वेगळं अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश, एमबी (मोजमाप पुस्तक). एवढ्याशा कामाला कुणी निविदा भरत नाही. पाऊस आला की वरचं सगळं पाणी त्या चरात, तिथून एका शिंप्याच्या दुकानात. तो उंबऱ्यावर वाळूची पोती ठेवून ब्लाउज शिवतो.

यात चोरी नाही. सगळे ठराव बरोबर, सगळ्या सह्या बरोबर, मोजमाप बरोबर. पाणी मात्र उतार बघतं, लेखाशीर्ष नाही बघत.

आणि निविदा पंचवीस-तीस टक्के "बिलो", म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने, जाते त्याचं कौतुक करू नका. सभेत टाळ्या वाजतात, पैसे वाचले म्हणून. ते सिमेंटमधून वाचलेले असतात.

प्रभाग_सात

@मुरूम_गिट्टी, हे मी प्रिंट काढून बांधकामच्या टेबलावर ठेवू का? नाव काढून.

मुरूम_गिट्टी

ठेवा मॅडम. पण आधी तुमच्या प्रभागातल्या नाल्या एकदा पायी चालून बघा, दोन निधी कुठे भेटत नाहीत ते. आणि पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१ ते २०२६) शिल्लक पैसा असेल तर त्यातला साठ टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा, होता, निम्मा पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवर. सांडपाण्याचं काम म्हणून तो मधला तुकडा तिथे बसतो का ते लेखापालाला विचारा. नुसतं "नाली करा" म्हटलं की "निधी नाही" येतं. "या शिल्लकीतून या तुकड्याला" म्हटलं की त्यांना कागद शोधावा लागतो.

नवतपा

मी पुण्यात असतो, पण गाव तिकडचंच. सभेचं थेट प्रक्षेपण का करत नाहीत? मोबाईल लावला की झालं.

संत्रीवाला

आमच्याकडे केलं होतं. कॅमेरा छताच्या पंख्याकडे आणि माईक बंद. चौघं बघत होते, त्यातले दोन उपाध्यक्षांच्या घरचे.

वऱ्हाडी_ठेचा

नवतपा भाऊ, तुमी पुण्यात नळ सोडता अन् पाणी येते, तुमाले सभेचं काय पडलं? आमच्याइथं नळ येते थो दिवस सणासारखा रायते. बाया कामाले जात नाईत, पोट्टे शाळेत जात नाईत. ड्रम, गुंड, बगुने, कूलरची टाकी, सारं भरून घ्या लागते. मागच्या उन्हाळ्यात तं आमच्या शेजाऱ्यानं लगनाची तारीख नळाच्या दिवसापासून मोजून काढली, पंचांग नंतर पायलं.

सावली_दुपारची

खरंय. मी तर पाहुण्यांना सांगते, बुधवारी या, बुधवारी पाणी असतं.

पळसफूल

मंडळी, खूप शिकायला मिळालं. मधल्या काळात मी एक केलं. कुणीतरी सांगितलं की दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नगर परिषदेसारख्या कार्यालयात नागरिकांना अभिलेख बघता येतात. तसा २०१८ चा शासन निर्णय आहे. तो घेऊन गेले. आवक-जावकच्या बाईंनी पहिल्यांदाच ऐकला, पण वाचल्यावर खुर्ची दिली.

इतिवृत्ताच्या वहीत बाजार वसुलीचा ठराव पाहिला. सुरुवात अशी : "सदर विषयावर सभागृहात सविस्तर चर्चा होऊन…" खुर्च्या सरकत होत्या हो! सूचक, अनुमोदक, दोघांचीही नावं व्यवस्थित. पुढे : सध्याच्या ठेकेदारास मागील दरानेच, नवीन लिलाव होईपर्यंत मुदतवाढ देण्यात येते. तारीख नाही. लिलाव कधी, हे कुठेच नाही.

जुना_लेखनिक

"सविस्तर चर्चा होऊन" हे आम्ही आधीच टाइप करून ठेवायचो, त्याचं मनावर घेऊ नका. तारीख नसणं मात्र गंभीर. बाजार वसुलीचं वर्ष मार्चला संपतं. लिलावाची तयारी जानेवारी-फेब्रुवारीत, अंदाजपत्रकाच्या सोबतच व्हायला हवी. ती झाली नाही म्हणून मुदतवाढ, आणि मुदतवाढीला शेवट नाही म्हणून लिलाव नाही. असं एक ठेकेदार दोन-दोन वर्षं जुन्या दराने चालतो. नुकसान नगर परिषदेचं.

चिवडा_बाजार

पहिल्यांदाच लिहितेय. माझी मामी आठवडी बाजारात भाजी घेऊन बसते. पावतीवर दहा रुपये छापलेले, घेतात वीस, आणि पावती मागितली तर "पुढच्या शुक्रवारी देतो." मामी म्हणते, वीस दिले तर निदान बसू देतात, नाहीतर वजनकाट्याला लाथ बसते. दहा रुपये जास्त म्हणजे तुम्हाला काहीच वाटणार नाही, पण तिची एक टोपली सांभार आणि पालक विकून दिवसाला काय सुटतं ते बघा. सभागृहात "मागील दराने" म्हणतात तो कुठला दर, छापलेला की घेतलेला?

प्रभाग_सात

@चिवडा_बाजार, हा प्रश्न मी जसाच्या तसा विचारणार. आमच्याकडेही बाजारात दरफलक नाही. ठेक्याच्या अटीत फलक लावणं असतंच, लेखनिक काका?

जुना_लेखनिक

मी पाहिलेल्या प्रत्येक करारनाम्यात होतं. करारनाम्याची प्रत मागा, त्यात दंडाची अटही सापडेल. एकदाही लावलेला नसेल तो दंड.

पळसफूलताई, तुमच्यापुढे दोन वाटा. अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी तहकूब करू शकतात, ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताला बाधक वाटला तर. त्यासाठी अर्ज करता येतो. पण लगेच तिकडे धावू नका. आधी मुख्याधिकाऱ्यांना साधं पत्र : लिलावाची तारीख कळवावी, करारनाम्याची प्रत द्यावी, दरफलक लावावा. तीन ओळी. विशेषणं नकोत, "भोंगळ कारभार" वगैरे लिहिलं की फाइल बाजूला पडते.

संत्रीवाला

काका, लिलाव झाला तरी तोच ठेकेदार येणार, साळ्याच्या नावाने.

जुना_लेखनिक

येऊ द्या ना. साळ्यालाही अनामत भरावी लागेल आणि बोली मागच्यापेक्षा वर न्यावी लागेल. नव्या करारावर नवी सही येईल. तेवढ्याने मामीचे दहा रुपये वाचतील असं मी म्हणत नाही. त्यासाठी बाजारात फलक लागला पाहिजे, आणि शुक्रवारी कुणीतरी तिथे उभं राहिलं पाहिजे.

वऱ्हाडी_ठेचा

शुक्रवारी म्या मोकळाच असतो. संत्रीवाला भाऊ, तुमी येता का? वांगे घेऊ सोबत.

संत्रीवाला

येतो. पण भाव मी करणार.

पळसफूल

पत्र लिहिलं. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहाचं कोर्ट फी तिकीट लावतात, तसं या साध्या पत्राला काही लागतं का?

प्रभाग_सात

आमच्याकडे तरी कुणी मागत नाही. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. क्रमांक हाताने लिहितात, तो शाईत आहे का बघा, पेन्सिलीत नको.